दुखेपर्यंत दाबा

बडोदा,
१० जानेवारी १९८३

बाबा,

इथूनच पाया पडतो. आठ महिने पत्र टाकलं नाही. त्याच्याबद्दल जे बोलायचं असेल ते प्रेमिलाताई हे वाचून दाखवत असतानाच बोलून घ्या, मंग पुढचं ऐका.

मी जिता आहे. बडोद्याले कपडा रंगवायच्या कारखान्यात लागलो. तुम्ही म्हणसान, हे कितवं काम? हॉटेल धरून सहावं. मी पण मोजून ठेवलं आहे.

काम असं का दहा तास ओल्या फरशीवर उभं राहायचं अन् हौदातला कपडा बांबूनं फिरवायचा. पायाची पार लाकडं झाली. पाठ टेकली तरी झोप येईना. माह्यासंगच्या एका गुजराती माणसानं मले एका शाळेच्या हॉलमध्ये नेलं. तिथं संध्याकाळी सहा ते आठ जशुबेन म्हणून एक रिटायर मास्तरीण बसते. ती पाय दाबून दुखणी हलकी करते. गोळी नाही, तेल नाही, मंत्र नाही. नुसता अंगठा.

पहिल्या दिवशी मले लाज वाटली. आपण म्हाताऱ्या माणसाच्या पायाले हात लावतो, त्यानंच आपला पाय मांडीवर घेतला तं पाप लागल्यासारखं वाटते. मी पाय ओढून राहिलो अन् ती धरून राहिली. मंग तिनं तळव्याच्या मधात एका जागी असं दाबलं का मी उठूनच बसलो. तिनं विचारलं, पोट साफ राहत नाही ना? बाबा, मी तिले पोटाचं काही सांगतलं नव्हतं.

बारा संध्याकाळी गेलो. पोटाचं थोडं बरं आहे, पण झोप अशी लागते का कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही. मंग मी तिथंच झाडझूड करू लागलो. आता ती मले पण लोकाईचे पाय देते. चाळीसच्या वर जागा शिकलो.

त्याचं असं आहे का सारं शरीर तळव्यात मांडून ठेवलं आहे. अंगठा म्हणजे डोकं. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट, त्याच्या मुळाशी कान. मधातल्या खोलगट भागात पोट, अन् तिथंच जवळ साखरेच्या दुखण्याची जागा. टाचेत कंबर. सोबतच्या कागदावर मी माहा पाय ठेवून पेन्सिल फिरवली अन् अकरा जागांवर फुल्या मारल्या. अंगठा कागदाबाहेर गेला म्हणून दुसरा तुकडा डकवला.

तुमाले दोन वर्षांपासून साखर आहे. करून पाहा. जेवण झाल्यावर घंटाभर जाऊ द्या. फुलीच्या जागी अंगठ्यानं दोन-दोन मिनिटं दाबायचं. अंगठा थकला तं गोल टोकाचं लाकूड घ्या. दुखेपर्यंत दाबा. जिथं दुखते तिथं रोग. रोज दाबलं का दुखणं कमी होत जाते, अन् दुखणं कमी झालं म्हणजे आतला रोग कमी झाला. मंग गिलासभर कोमट पाणी प्या. पहिले दोन-चार दिवस अंग जड वाटेल, पेंग येईल, लघवीले जास्त जावं लागेल. भिऊ नका.

चौथीत शाळा सोडली म्हणून तुम्ही मले मागावर बसवलं. मागावरून मी पळालो. हे मात्र पळून न जाता शिकलो.

तुमचा
लहानू


महाल, नागपूर,
२९ जानेवारी १९८३

लहानू,

बाबा समोर सुताच्या कांड्या मोजत बसले आहेत अन् सांगून राहिले तसं मी लिहून राहिली. मधात माहं काही घालत नाही.

पत्र भेटलं. आठ महिन्यांचं बोलून घे म्हणाला, ते बोललो. अर्धा घंटा लागला. प्रेमिला कागद धरून उभी होती.

तू दुसऱ्याचे पाय दाबते हे मी चारचौघात कसं सांगू? गल्लीतला नत्थूजी विचारे, पोरगा काय करते आजकाल. मी म्हटलं, दवाखान्यासारख्या कामात आहे. त्यानं पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगतलं नाही.

कागद पाह्यला. पाय तुह्या आईवर गेला तुहा, लांबट. माहा रुंद. तुह्या फुल्या माह्या पायावर बसत नव्हत्या. मंग काठाची नक्षी लहान-मोठी करायले जसं सुतानं माप घेतो तसं घेतलं अन् जागा बसवल्या. साखरेची दाबतो. डाव्या कानानं कमी ऐकू येते म्हणून कानाची पण दाबतो.

पंधरा दिवस झाले. कुठीच दुखत नाही. तू लिहिलं दुखेपर्यंत दाबा. मंग दुखेपर्यंत म्हणजे किती, ते नीट लिही. अर्धवट सांगायची तुही सवय आहे.

एरवी तुहं पत्र म्हणजे काम सुटल्याचं पत्र. काम करत असताना लिहिलेलं हे पहिलंच. ते प्रेमिलानं जपून ठेवलं.

एवढंच बाबानं सांगतलं अन् उठले. आता माहं. जपून मी नाही ठेवलं, त्यांनीच ठेवलं. तुहा पायाचा कागद भिंतीवर ठोकला आहे, आईच्या फोटोच्या खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याले अंगठ्यात डोकं कसं राहते ते समजावून सांगतेत. झोप मात्र खरंच सुधारली त्यांची.

ताई


बडोदा,
१२ फेब्रुवारी १९८३

बाबा,

कुठीच दुखत नाही? हे वाक्य मी तीनदा वाचलं.

इथं एक बँकेतले साहेब येतात. त्यांले पण साखर आहे. त्या जागेवर अंगठा ठेवला का ते पाय झटकतात, डोळ्यांत पाणी येते. मी त्यांले म्हणतो, साहेब, दुखते म्हणजे अजून आहे. अन् तुमाले पंधरा दिवसांत काहीच नाही. मंग तुमची साखर उरली कुठी? तुम्ही जन्मभर मागाची पावडी दाबत आले, तुमचे पाय आपोआपच दाबले गेले असतील, असं माह्या ध्यानात येऊन राहिलं. बसून राहणाऱ्या माणसाईले जे महिनोन्‌महिने लागते ते तुमाले पंधरा दिवसांत झालं.

जशुबेन महिनाभर पोरीकडे राजकोटले गेली. ती असती तं तिले विचारलं असतं, पण विचारायचं काय, सरळच आहे. दाबणं सोडू नका. जोर वाढवून पाहा, खरंच दुखत नाही ना याची खात्री होईल.

ती नाही म्हणून हॉल मीच पाहतो. लोक मले लहानूभाई म्हणतेत. काल एक म्हातारी आली, गुडघ्यांनी हैराण. तिचा पाय मांडीवर घेतला अन् दहा मिनिटांत ती खुर्चीतच घोरू लागली. तिच्या सुनेनं सांगतलं का म्हातारी चार दिवस झोपली नव्हती. मी मंग हललोच नाही. घंटाभर तसाच बसलो, पाय मांडीवर धरून. माह्या पायाले मुंग्या आल्या. बाबा, मले एका जागी घंटाभर बसलेलं तुम्ही कधी पाह्यलं का?

लहानू


महाल, नागपूर,
२० मार्च १९८३

लहानू,

बाबा ठीक आहेत. सकाळ-संध्याकाळ दाबतेत. आता अंगठ्यानं भागत नाही म्हणून जुन्या मागाच्या लाकडाचा दांडा घासून केला आहे.

नत्थूजी जरी आणायले सुरतेले जाऊन राहिले. तिथून बडोद्याले एक चक्कर मारतो म्हणाले. त्यांच्यासंगं पंचा पाठवला आहे, बाबानं तुह्यासाठी स्वतः विणला. गल्लीतल्या चार माणसाईले बाबानं तुहं नाव सांगतलं, आता लपवत नाहीत.

काळजी करू नको, असं बाबा दोनदा लिहायले लावून राहिले. दुसऱ्यांदाही लिहिते. काळजी करू नको.

ताई


बडोदा,
९ एप्रिल १९८३

ताई,

हे पत्र तुह्या घरच्या पत्त्यावर टाकलं, बाबाच्या नाही. तू एकटी असताना वाच.

पंचा भेटला. नत्थूजी पाच मिनिटं बसले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पंचा खिडकीत वाळत टाकला अन् उन्हाच्या समोर तो धरला गेला. आडव्या जाड रेघा दिसल्या. वीत-दीड वीत अंतरानं. मोजल्या, अकरा.

तू जन्म कांड्या भरण्यात घातला, तुले सांगायले नको. डावी पावडी, उजवी पावडी, डावी, उजवी. एकच पावडी दोनदा दाबली गेली तं दोन धागे एकाच फटीत जाऊन बसतात अन् जाड रेघ पडते. मी लहान असताना अशी रेघ पाडली तं बाबानं मांडी लाल केली होती. म्हणाले होते, खाली काहून पाहते, पायाले विचार, पाय सांगते. ज्याचा पाय सांगते तो माणूस एका पंचात अकरा वेळा चुकतो का? अन् नत्थूजी जाता-जाता बाबाबद्दल सहज बोलले, धोंडबा आजकाल मागावर बसला का खाली वाकून पायाकडं पाहत राहते.

जशुबेन राजकोटहून आली. मी तिले पंचा दाखवला. खरं सांगतो, रेघा दाखवायले नाही, माह्या बापाचं काम दाखवायले. अन् त्याच भरात सांगतलं का त्यांले साखर होती पण आता कुठीच दुखत नाही. तिनं पंचा घडी करून बाजूले ठेवला. मले म्हणाली, “दर्द नहीं होता, या पता ही नहीं चलता?”

ताई, मी हा सवाल कधी विचारलाच नाही.

ती म्हणाली का साखर अंगात जुनी झाली का काही लोकाईचे पाय मुके होतात. काटा घुसला तरी समजत नाही. तशा पायाले दाबून दुखत नाही ही चांगली गोष्ट नसते. तसा पाय ती स्वतः हातात घेत नाही, डॉक्टरले विचारल्याशिवाय.

एक काम कर. बाबाले डोळे मिटायले लाव. कापसाची वात करून एकेका बोटाले लाव अन् कोणत्या बोटाले लावली ते सांगा म्हण. मंग तळवा उजेडात नीट पाहा. जे दिसेल ते लिही. त्यांनी मना केलं असेल तरी लिही. ‘काळजी करू नको’ हे तू दोनदा लिहिलं तेव्हाच मले समजायले पाहिजे होतं.

लहानू


महाल, नागपूर,
१६ एप्रिल १९८३

लहानू,

तुह्या पत्रासारखंच केलं. बाबाले म्हटलं, तुमच्या पोरानं नवी परीक्षा सांगतली आहे. खुशीनं बसले. डोळे मिटले. मी कापसाची वात एकेका बोटाले लावत गेली. बाबा म्हणाले, “अवं, सुरू कर ना.”

माही तवा चार बोटं करून झाली होती.

मंग तळवा पाह्यला. डाव्या पायाच्या करंगळीच्या मुळाशी, जिथं तू कानाची फुली मारली, तिथं रुपयाएवढी जखम आहे. कडा काळ्या. दोन बोटं सुजलेली. दुखेपर्यंत दाबायचं होतं अन् दुखतच नव्हतं, म्हणून दांड्यानं दाबत गेले. बाबाच्या घरात पंधरा दिवसांपासून वास येत होता. मी समजली का ताण्याले लावायची खळ आंबली. दोनदा मडकं घासलं.

आता दुसरं. तुहं फेब्रुवारीचं पत्र ज्या दिवशी आलं त्याच दिवशी बाबानं साखरेच्या गोळ्या सोडल्या. पुडी फडताळात तशीच पडली आहे. मी भांडली. तवा ते जे बोलले ते मी तुले लिहू नये म्हणून त्यांनी माह्या लेकराची आण घातली होती. आण मोडून लिहून राहिली. म्हणाले, “पाच कामं सोडून पोट्ट्याच्या हाताले एक विद्या लागली. तिच्यावर बापानंच भरोसा नाही ठेवला तं कोण ठेवन?”

तुह्या भाऊजींनी गल्लीतल्या डॉक्टरले घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, आजच मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर झाला तं पाय जाईल. बाबानं त्यांले भिंतीवरचा कागद दाखवला. डॉक्टर पिशवी उचलून चालले गेले.

तू निघून येशील म्हणून आधीच सांगते. बाबा म्हणतेत, लहान्याले बोलावलं तं मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. तो हे पण काम सोडून येईल अन् जन्मभर माह्या पायाचं नाव सांगेल. ते खरंच चढणार नाहीत, तुले माहीत आहे.

माहं ऐकत नाहीत. डॉक्टरचं ऐकत नाहीत. लहानपणी तू रडत होता का बाबा माहं कधीच ऐकत नाहीत. आता फक्त तुहंच ऐकतेत. काय लिहायचं ते तू ठरव, पण लवकर लिही.

ताई


बडोदा,
२१ एप्रिल १९८३

बाबा,

आज सकाळी तार केली, गोळ्या चालू करा अन् दवाखान्यात जा अशी. तारेत मावलं नाही ते इथं लिहून राहिलो. ताईवर रागावू नका. तुमची आण तिनं माह्या सांगण्यावरून मोडली.

मी चुकलो. दुखत नाही म्हणजे रोग गेला, हे मले कोणी शिकवलं नव्हतं. ते माह्या मनानं जुळवलं. तुमचा पाय मुका झाला होता अन् मी त्याले बरा झाला म्हटलं.

अन् चूक एवढीच नाही. याच्या आधी एक गोष्ट मी जाणून लपवली. जशुबेन पहिल्या दिवशी प्रत्येकाले एक सांगते, मले पण सांगतलं होतं. “दवा के साथ. दवा की जगह नहीं.” हॉलच्या दारावर तिनं खडूनं लिहून पण ठेवलं आहे, मी रोज तिथं झाडतो. जानेवारीच्या पत्रात सगळं लिहिलं, कोमट पाणी लिहिलं, लघवी लिहिली, फक्त हेच लिहिलं नाही. काहून? मले वाटलं, हे लिहिलं तं तुम्ही म्हणाल, मंग तुह्या दाबण्यात आहे काय, औषध तं घ्यायचंच आहे. माही विद्या लहान दिसली असती. मोठी दिसावी म्हणून एक ओळ गाळली.

आता लहान आहे तेवढीच सांगतो. दाबल्यानं अंग हलकं होते. झोप लागते. कोणाचं डोकं उतरते, कोणाचा गुडघा दोन दिवस बरा राहते, कोणाले काहीच होत नाही अन् तो पुन्हा येत नाही. साखर गेलेला एक माणूस मी पाह्यला नाही. बँकेतले साहेब बी रोज गोळी घेऊनच येतात, मी तेही लिहिलं नव्हतं. अंगठ्याखाली दुखलं म्हणून आत कोणता रोग आहे ते जशुबेनले पण खात्रीनं समजत नाही. मले तिनं पोटाचं विचारलं ते बरोबर निघालं, पण शेजारच्याले विचारलं तवा चूक निघालं होतं. ते मी विसरलो, कारण ते विसरायचं होतं.

तो कागद भिंतीवरून काढा. दांडा चुलीत घाला. गोळ्या आजच्या आज चालू करा अन् भाऊजींच्या सायकलवर बसून दवाखान्यात जा. तुम्ही म्हणाले तसं मी येत नाही, काम सोडत नाही. माह्या शब्दावर तुम्ही गोळ्या सोडल्या होत्या. माह्या शब्दावर घ्या.

माह्यावर भरोसा ठेवू नका असं लिहिणार होतो. पण तसं लिहिलं तं तुम्ही हे पण ऐकणार नाही. म्हणून ही एक वेळ ठेवा.

लहानू


महाल, नागपूर,
२८ मे १९८३

लहानू,

आज बाबा पहिल्यांदा अंगणात बसले. त्यांचं सांगणं सुरू व्हायच्या आधी माहं थोडं लिहून घेते.

तार आली तवा म्हणाले, तार कोणी पण करते, पोराच्या हातचं अक्षर आणा. चार दिवस तसेच घालवले. पत्र आलं. मी वाचलं. मंग माह्या हातून घेतलं अन् उलटसुलट करून पाह्यलं, वाचता येत नाही तरी. तुहा ‘ळ’ कसा वाकडा आहे ते त्यांले माहीत आहे. काठी घेतली अन् भाऊजींले म्हणाले, सायकल काढा.

बावीस दिवस ठेवलं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डॉक्टर म्हणाले अजून आठ दिवस गेले असते तं घोट्यापासून गेला असता. आता रोज साखरेची सुई टोचावी लागते, मी शिकली. आता बाबा सांगतेत.

लहान्या, करंगळी अन् शेजारचं गेलं. तुह्या नकाशात तिथं कान होते. बरं झालं, तसंही मी कोणाचं ऐकत नव्हतो. अंगठा शाबूत आहे म्हणजे डोकं राह्यलं. दवाखान्यात नर्सबाईले हे सांगतलं तं ती हसली अन् पट्टी बांधायची विसरली.

तुहं पत्र तिथं उशाले होतं. शेजारच्या खाटेवर मौद्याचा एक माणूस होता, शिकलेला. त्याच्याकडून अजून दोनदा वाचून घेतलं. तो म्हणे, तुमच्या पोरानं घोळ केला. मी म्हटलं, केला, अन् कबूल पण केला. मी चाळीस वर्षांत कापडाचे किती थान बिघडवले, प्रत्येक वेळी सुताले दोष दिला. दांड्यानं मीच दाबलं. तू दांडा हातात नाही दिला.

तू कागद काढायले लिहिलं. मी काढला नाही, पण त्याच्या खाली प्रेमिलाकडून लिहून घेतलं: गोळ्या घेऊन.

आता कामाचं. डॉक्टर म्हणते मागावर बसू नका. पाय मागाच्या खड्ड्यात लोंबकळून चालत नाही, अन् समजतही नाही. मी विचारलं, पायाले पुन्हा समजायले लागेल का? तो म्हणते, पाहू. दुसरा म्हणते, हळूहळू. तिसऱ्यानं ऐकलंच नाही. नत्थूजीचा पोरगा माग मागून राहिला, त्याले जोडीले दुसरा माग पाहिजे. मी त्याले थांबवून ठेवलं. पायाले समजू लागणार असेल तं माग ठेवतो, वर्षभर तसाच पडला तरी चालेल. नसेल तं देतो.

तू एवढे पाय हातात घेतले. त्या बाईले विचार, कोणा डॉक्टरले विचार, अन् मले हो का नाही लिही. तू लिहिशील तेच मी मानीन, अजून पण. म्हणून जपून लिही.

धोंडबा


बडोदा,
९ जून १९८३

बाबा,

जशुबेनले विचारलं. ती म्हणाली, हे माह्या अंगठ्याच्या पलीकडचं आहे, अन् मले तिच्या ओळखीच्या डॉक्टरकडे पाठवलं. दोन दिवस त्याच्या दवाखान्याच्या बाकावर बसलो तवा भेटला. तुमची सारी हकीकत सांगतली, किती वर्षं साखर, किती महिने गोळ्या बंद, कापसाची परीक्षा. तो पण आधी गोल-गोलच बोलला. मी म्हटलं, साहेब, एका मागाचा सवाल आहे, मले सरळ सांगा. मंग त्यानं सरळ सांगतलं.

बाबा, नाही. साखर ताब्यात ठेवली तं जे उरलं ते टिकेल, उजवा पाय वाचेल. पण डाव्याले पावडी समजेल इतकं परत येणार नाही. क्वचित कोणाचं येते म्हणाला, पण त्याच्या भरोशावर माग ठेवू नका असंही म्हणाला. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. दोन्ही वेळा त्यात ‘पण’च्या पुढचं जास्त झालं होतं.

माग देऊन टाका.

तुम्ही चाळीस वर्षं त्याच्यावर बसले अन् मी चार महिने पण टिकलो नाही, तवा हे मी लिहावं हे बरोबर दिसत नाही. पण तुम्ही मलेच विचारलं.

काल इथं एक माणूस आला, बापाले घेऊन. म्हणे रक्तदाबाच्या गोळ्यांनी म्हातारा कंटाळला, किती दिवस दाबलं का त्या सोडता येतील? मी म्हटलं, त्या सोडायचं डॉक्टरले विचारा, मले नाही. मी पाय दाबून देतो, बरं वाटलं तं उद्या पण या. पोराले ते पटलं नाही. म्हाताऱ्याले मात्र पाय दाबून घ्यायचेच होते, तो बसला. उठताना म्हणाला, घरी मले कोणी इतका वेळ हात लावत नाही. मले वाटते अर्धं काम तेच असेल.

तुमच्या पायाले मी हात लावणार नाही, डॉक्टरनं सांगतल्याशिवाय. हाताच्या पंजात पण जागा आहेत. आलो का रोज संध्याकाळी तुमचा हात दाबून देईन. त्यानं साखर उतरणार नाही, पाय समजणार नाही. झोप येईल बहुतेक. नाही आली तं आपण बसू.

आठ दिवसांची सुट्टी लिहून घेतली आहे, काम सोडून नाही. एकोणीस तारखेले निघतो, वीसले पोहोचतो. नत्थूजीच्या पोराले सांगा, तवर थांब. माग खड्ड्यातून उचलायले चार माणसं लागतात. तीन सांगून ठेवा.

लहानू